केबलला न लागलेला सत्तेचाळीस

भिवंडीजवळ दापोड्याच्या त्या गोडाऊनमध्ये कुमारला कुणी कुमार म्हणत नसे. बायका त्याला डॉक्टर म्हणत आणि तो बसायचा त्या काचेच्या खोलीला दवाखाना. खोलीत एक जुना कॉम्प्युटर, त्यातून निघालेल्या दहा केबली आणि भिंतीला लोखंडी रॅक. रॅकच्या प्रत्येक खणावर नंबर, खणात एक स्कॅनर. स्कॅनर म्हणजे जाडजूड मोबाईलच. फक्त तो पडला तरी फुटत नाही आणि त्यावरून घरी फोन लावता येत नाही. माल काढणाऱ्या बाईने तो हातात धरायचा, तो दाखवील त्या फळीकडे चालायचं, खोक्यावरच्या काळ्या रेघांवर लाल उजेड पाडायचा, टिंग वाजलं की खोकं ट्रॉलीत. असे एकशेसाठ स्कॅनर होते आणि एकशेसाठांची नाडी कुमारच्या हातात होती.

कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम होता. केबलला स्कॅनर लावला की पडद्यावर त्याचा नंबर उमटे. शेजारी बॅटरी किती, आत कोणती ॲपं आहेत, कोणतं जुनं झालंय. कंपनीने नवीन ॲप पाठवलं की फाईल माऊसने ओढायची, हव्या त्या नंबरांवर टाकायची आणि वाट बघायची. ओळ हिरवी झाली की स्कॅनर तयार. लाल झाली तर केबल काढायची, शर्टाला पुसायची, परत लावायची. बघणाऱ्याला वाटावं, यात काय मोठंसं? पण कुमार सुट्टीवर गेला की दुसऱ्या दिवशी निम्म्या बायका हातात मेलेले स्कॅनर घेऊन उभ्या असायच्या, आणि साहेबलोकांना हे काम मोठं आहे की लहान ते तेवढ्यापुरतं कळायचं.

ही विद्या तो कुठल्या कॉलेजात शिकला नव्हता. बारावीनंतर धामणकर नाक्यावर त्याने टपरी टाकली होती. टपरीत असाच एक कॉम्प्युटर, अशीच केबल. कापडाच्या लूमवरची पोरं ड्युटी सुटल्यावर यायची. कानात खटखट भरलेली, त्यामुळे सगळी ओरडून बोलायची. "भैया, सब डाल दो. गाना, खेल, फोटोवाला, गाँव से बात करनेवाला." कुमार फोन केबलला लावायचा, पडद्यावरच्या यादीतून टिकमार्क करायचा आणि चहा संपेपर्यंत फोन भरून द्यायचा. कित्येकांना त्याने त्यांच्या गावाकडचं तोंड पहिल्यांदा पडद्यावर दाखवलं. मग इंटरनेट स्वस्त झालं, आपापला फोन ज्याने त्याने भरायला सुरुवात केली, आणि टपरी बसली. एकाची सोय झाली म्हणजे दुसऱ्याचं पोट गेलं, हे भिवंडीत कुणाला वेगळं शिकवावं लागत नाही. कुमारने टपरीला कुलूप घातलं आणि केबली पिशवीत भरून घरी आणल्या. पुढे ह्याच विद्येवर गोडाऊनने त्याला कॉम्प्युटरवर कामाला घेतलं.

घर म्हणजे आई रंगूबाई, थोरला भाऊ रामू, रामूची बायको वैशाली आणि हा. वडील लडकू वारले त्याच्या आधी दोन वर्षं त्यांची भातखाचरं गोडाऊनखाली गेली. गावातल्या सगळ्यांचीच गेली. त्या वेळी गावाने एकच हुशारी केली. कागदावर लिहून घेतलं, की ज्याची जमीन गेली त्याच्या घरचा एक माणूस कायम कामाला. माणसाचं नाव घातलं नाही. नाव कशाला, घर आहे ना! त्यामुळे गावाच्या लेखी गोडाऊनची ड्युटी ही माणसाची नव्हतीच, ती घराची होती. लूमवर जशी बदली चालते, की आज मला ताप आहे तर माझ्या लूमवर चुलता उभा राहील, तसंच. सून माहेरी गेली तर सासू जायची, जाऊ बाळंत झाली तर नणंद. बिल्ला एकाचा, हात कुणाचे का असेनात, खोकी ट्रॉलीत पडल्याशी मतलब.

कुमारच्या घरची ड्युटी वैशालीच्या नावावर होती. आधी ती रामूला मिळायची होती. पण रामू लूम सोडून यायला तयार होईपर्यंत त्याच्या दोन्ही किडन्यांनी जबाब दिला. आता त्याला मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस लागे. वैशालीच्या पगारातून विम्याचं कार्ड निघालं होतं आणि त्या कार्डावर रामूचं रक्त धुतलं जात होतं. कार्ड चालू ठेवायचं तर हजेरी पुरी पाहिजे. रामूला दवाखान्यात न्यायचं तर त्या दिवशी हजेरी कशी लागणार? म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी वैशालीचा बिल्ला गळ्यात घालून रंगूबाई जायची. धुळीसाठी सगळ्याच बायका तोंडाला फडकं गुंडाळतात. आतली सासू आहे की सून, हे कोण बघतो.

रंगूबाईला वाचता येत नव्हतं. तिथे कुमारने आपली विद्या पणाला लावली. वैशालीचा स्कॅनर सत्तेचाळीस नंबरचा. कुमारने तो केबलला लावून त्यात एक छोटं ॲप घातलं, जे फळीचा नंबर मराठीत बोलून दाखवी. आकडे मोठे केले. चुकीचं खोकं आलं तर पूर्ण पडदा लाल, बरोबर असेल तर हिरवा. मग रंगूबाई स्कॅनर पदराआड कानाला लावून चालू लागली. "रांग सात, फळी तीन," सत्तेचाळीस बोलायचा, आणि म्हातारी त्याला उत्तर द्यायची, "चालले रे बाबा, धावू का काय!" बायका हसायच्या. कुमार काचेतून बघायचा. आयुष्यात आपण एवढं एक काम झकास केलं, असं त्याला वाटायचं, आणि ते खरंही होतं.

दिवाळीच्या आधी महिनाभर कंपनीने नवीन ॲप पाठवलं. सोबत मेघाली मॅडमचा फोन. मॅडम हेड ऑफिसच्या; बोलायला गोड, कामाला पक्क्या. "कुमार, रविवारी शिफ्ट नाही ना? मग रविवारी सगळ्या स्कॅनरमध्ये घालून टाक. आणि आधी कुणाला सांगू नकोस."

कुमारने ॲप आधी एका स्कॅनरवर घालून पाहिलं. तो सुरू करताच पडद्यावर एक गोल आला आणि गोलात कुमारचंच तोंड. फोटो काढल्याशिवाय ॲप पुढे सरकेना. फडकं खाली करा, म्हणे. दिवसातून चार वेळा फोटो, आणि फोटो थेट हेड ऑफिसात. मंगळवारी त्या गोलात कुणाचं तोंड येणार हे त्याला ठाऊक होतं.

रविवारी तो एकटाच दवाखान्यात बसला. दहा दहा स्कॅनर केबलींना लावत गेला. एक ते दहा हिरवे. अकरा ते वीस हिरवे. चाळीसच्या पुढे आल्यावर त्याने सेहेचाळीस लावला, मग अठ्ठेचाळीस. सत्तेचाळीस खणातून काढलाच नाही. वैशालीने आदल्या संध्याकाळी तो नेहमीसारखा त्याच्या हातात दिला होता, "घे डॉक्टर, तुझा पेशंट" म्हणून. पेशंट खणात गप पडून राहिला. जुनं ॲप अजून पंधरा दिवस चालणार होतं. पंधरा दिवसांत काहीतरी सुचेल, असा कुमारचा हिशेब. दुपारपर्यंत पडद्यावर एकशेएकोणसाठ ओळी हिरव्या झाल्या आणि त्याने कॉम्प्युटर बंद केला.

आता इथे कुमारची चूक नीट बघून घ्यावी, कारण ती वाईट माणसाची चूक नव्हे. दवाखान्यात बसणाऱ्याला स्कॅनर दिसतात, हात दिसत नाहीत. बदली चालते हे त्याला माहीत होतं, पण किती घरांत चालते हे त्याने कधी विचारलं नव्हतं. आणि कॉम्प्युटरवाला म्हणजे कंपनीचा माणूस, त्याच्यापुढे कुठली बाई हे बोलेल? त्याला वाटत होतं, दोन-चार घरं असतील. त्यांत सापडणार ते आपलंच. चोराच्या मनात चांदणं, ते हे असं.

सोमवारी सकाळी बायकांनी फडकी खाली केली, फोटो दिले आणि जेवणाच्या सुट्टीत एकच कल्ला उडाला. संध्याकाळी वैशालीने घरी त्याला गाठलं.

"सगळ्यांचं थोबाड काढतोय त्यो. आपलं का न्हाय काढलं?"

"तुझ्यात घातलंच न्हाय. गप ऱ्हा. कुणाला बोलू नको."

वैशाली भाकरी थापायची थांबली. "भाऊजी, तिथं सगळ्याच घरांची बदली हाय. आम्ही बोललोय आपसांत. कुणीच बंद करणार न्हाय. लेबरवाल्या भाविकदादाला सांगणार हाव. जे सगळ्यांचं होईल ते आपलं होईल. तू घाल ते आमच्यात."

"वयनी, तुला त्यातलं कळत न्हाय."

"कॉम्प्युटरातलं न्हाय कळत. बायकांतलं कळतंय."

कुमारने ऐकलं नाही. चार दिवस तर तो स्वतःवर खूश होता. मंगळवारी रंगूबाई जाऊन आली, शुक्रवारी जाऊन आली. एकशेएकोणसाठ जणी फोटो देत होत्या आणि सत्तेचाळीस आपला जुन्या ॲपवर "रांग सात, फळी तीन" करत होता. आपण कंपनीच्या नाकावर टिच्चून घर वाचवलं, असं त्याला वाटत होतं. वैशालीने पुन्हा विषय काढला नाही.

पुढच्या सोमवारी मॅडम स्वतः गाडीने आल्या. हेड ऑफिसात फोटो जुळवले होते, आणि एकतीस नंबरांवर दोन-दोन चेहरे निघाले होते. एकतीस! लेबर पुरवणारा भाविक मॅडमच्या समोर बसला. त्याच्या बापाची निम्मी जमीन त्या गोडाऊनखाली होती आणि गावातल्या बायकांना त्यानेच आत घेतलं होतं. त्याने खिशातून जुन्या कागदाची घडी काढली.

"मॅडम, या बायका चोर न्हाईत. हे वाचा. घरचा एक माणूस, असं लिवलंय. नाव कुठं हाय? ड्युटी घराची हाय. एकतीस घरं काढलीत तर दिवाळीचा माल कोण भरनार, तुमी का मी?"

मॅडमनी कागद वाचला, हेड ऑफिसला फोन लावला, तासभर बोलल्या. दिवाळीचा माल खरंच कुणी भरणार नव्हतं. शेवटी निघालं ते असं, की पहिली चूक माफ. यापुढे प्रत्येक घराने दोन नावं, दोन फोटो द्यायचे. दोघींपैकी कुणीही यावं, हजेरी एकच. वर्षानुवर्षं जी बदली पदराआड चालत होती ती कंपनीने स्वतःच्या सहीशिक्क्याने पक्की करून दिली. बायका हसत बाहेर आल्या. कुणीतरी भाविकला पेढा मागितला.

काचेतून हे बघत कुमार उभा होता. सून सोमवार, बुधवार, गुरुवार, शनिवार. सासू मंगळवार, शुक्रवार. राजरोस. हे सगळं त्याच्या घराला मिळालं असतं. त्यासाठी एवढंच करायचं होतं, की सांगितलेलं काम सांगितल्यासारखं करायचं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं नसतं.

कारण मॅडमच्या यादीत सगळ्यात खाली एक ओळ उरली होती. त्यांनी दवाखान्यात येऊन ती कुमारपुढे ठेवली. भाविकही मागे उभा होता.

"दोन चेहऱ्यांचं मिटलं. पण सत्तेचाळीसवर एकही चेहरा नाही. ॲपच नाही. आठ दिवस जुन्या ॲपवर काम चाललंय. हे कसं?"

कुमारने प्रोग्राम उघडून दाखवला. रविवारची नोंद होती: एकशेएकोणसाठ स्कॅनर लागले, सत्तेचाळीस लागला नाही. प्रोग्राम खरं बोलत होता. का लागला नाही, ते त्याला विचारायची सोय नव्हती.

"तू लावला नाहीस, की तो इथे नव्हताच?" मॅडमनी विचारलं. "तू मुद्दाम सोडला असशील तर मला तुला आत्ता घरी पाठवावं लागेल. हे वर हेड ऑफिसात गेलंय."

एक श्वास घेण्याएवढा वेळ होता. तेवढ्यात माणसाला किती गोष्टी आठवतात! घरातले दोन पगार आठवले; एक गेला तर एक राहील हे आठवलं. बंद टपरी आठवली. कार्ड कोणाच्या पगारावर आहे तेवढं आठवलं नाही. दोघांनी बुडण्यापेक्षा एक तरलेला बरा, असं म्हणतात खरं. पण म्हणणारा बहुधा तरणाराच असतो.

"त्या दिवशी सत्तेचाळीस खणात नव्हता, मॅडम," कुमार म्हणाला.

वैशालीला बोलावलं. ती फडकं खाली करत आत आली. मॅडमनी तिला तेच विचारलं: शनिवारी स्कॅनर जमा केला होता का? कुमार सांगतोय, रविवारी तो इथे नव्हता.

वैशालीने कुमारकडे पाहिलं. फार वेळ नाही. रामूला सुई टोचताना ती अशीच बघायची, कुठे दुखतंय ते ओळखून झाल्यासारखी. कुमारने नजर कॉम्प्युटरवर नेली. पडद्यावर तसंही बघण्यासारखं काही नव्हतं.

"घरी नेला व्हता," ती म्हणाली. "न्हाय दिला जमा. चुकलं माझं."

"घरी? का?"

"पोरंबाळं न्हाईत घरात मोडायला, मॅडम. गंमत म्हणून नेला. सासूला दाखवायला."

भाविकने कपाळावर हात मारला. "वैशाली, अगं कंपनीचा माल घरी? मी आता काय बोलू?" त्याच्या खिशात तो कागद होता, पण त्या कागदात घरी नेलेल्या स्कॅनरबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. मॅडमना वाईट वाटलं असावं. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की ना? वैशालीने दोनदा मान हलवली. चार वाजता तिचा बिल्ला जमा झाला. घराची ड्युटीही तिच्याबरोबर गेली, कारण चोरीला कागदात जागा नव्हती.

त्याच दिवशी कुमारला हुकूम आला, की सत्तेचाळीस पुसून नवीन बाईसाठी तयार कर. त्याने तो खणातून काढला आणि केबलला लावला. प्रोग्रामने विचारलं, सगळं काढून टाकायचं का? मोठे आकडे, लाल-हिरवा पडदा, फळी बोलून दाखवणारं ॲप, सगळं. कुमारने हो म्हटलं. मग नवीन ॲप ओढून टाकलं. ओळ हिरवी झाली. एकशेसाठच्या एकशेसाठ.

संध्याकाळी वैशालीने त्याला नेहमीसारखं ताट वाढलं. रामू आत झोपला होता. कुमारने घास हातात धरला.

"वयनी, मी..."

"जेव." तिने भाकरी ताटात टाकली. "तुझी ड्युटी हाय सकाळी. एकाची तरी राहू दे घरात." तेवढंच. शिव्या दिल्या असत्या तर कुमारला घास गिळता आला असता. त्या दिवसापासून तिने त्याला डॉक्टर म्हटलं नाही.

विम्याचं कार्ड अजून काही महिने चाललं आणि मग बंद पडलं. आता रामूला एका ट्रस्टच्या दवाखान्यात नेतात. तिथे रांग मोठी. आठवड्यातून एकदाच नंबर लागतो. उरलेल्या दिवसांत त्याचे पाय सुजतात, दम लागतो, आणि तो कुणाला न सांगता पाणी पितो. वैशालीला आता मंगळवार मोकळा आहे, शुक्रवार मोकळा आहे, सगळेच वार मोकळे आहेत. तिच्या जागी कुणाला जावं लागत नाही. गोडाऊनमध्ये तीस-चाळीस घरांतल्या सासवा-सुना वार वाटून येतात आणि फडकं खाली करून गोलात तोंड दाखवतात. कुमार अजून दवाखान्यात बसतो. काम चोख करतो. सांगितलेलं सगळं, सांगितल्यासारखं.

राहिली रंगूबाई. तिला कुणी काहीच नीट सांगितलं नव्हतं. सुनेची नोकरी स्कॅनरपायी गेली, एवढं तिच्या कानावर आलं, आणि बाकीचं तिने स्वतःच जुळवलं. पावसाळा सरल्यावर एकदा ती ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. कुमार शेजारी चपला घालत होता.

"कुमार, खरं सांग," ती म्हणाली. "माझ्यापायी बिघडला का रं त्यो? मी बोट लई जोरात दाबायची. वैशाली सांगायची, हळू दाबा, आत्या. मला काय कळतंय त्यातलं. मीच काय तरी दाबलं असंन, न्हाय?"

वैशाली दारातच होती. तिने ऐकलं आणि ती कुमारकडे बघत उभी राहिली. या वेळी तिने त्याच्यासाठी काही म्हटलं नाही. बोलायला त्याला हवा तेवढा वेळ होता.

कुमारने दुसऱ्या चपलेचा पट्टा ओढला. "असंन, आये," तो म्हणाला आणि ड्युटीला गेला.

तेव्हापासून रंगूबाई घरातल्या कुठल्याही बटणाला हात लावत नाही. टीव्ही लावायचा असला तर वैशालीला हाक मारते. खोलीत अंधार पडला तरी दिव्याचं बटण दाबत नाही, कुणी येईपर्यंत तशीच बसून राहते.